पॅडवरची हलगी: प्रकल्प नोंदी

३ मे, कोल्हापूर

रॅप करणाऱ्या मित्राला तीन गाण्यांसाठी बीट्स हवे आहेत. अट एकच: कणा हलगीचा आणि ढोलकीचा, आणि तोही विकतच्या 'इंडियन पर्कशन' पॅकमधला नको. त्या पॅकमधल्या हलग्या कुठल्या गावच्या असतात देव जाणे, सगळ्या एका मापात आणि एका जोरात वाजतात.

याच कामात आणखी एक गोष्ट तपासून घ्यायची आहे. आजवर माझं सगळं काम एफएल स्टुडिओ या संगीत जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, माऊस आणि कीबोर्डवर. आपल्याकडं गावोगावच्या डीजेवाल्यांचं जे चालतं तेच. पॅडवाला कंट्रोलर, म्हणजे बोटांनी पॅड दाबून सॉफ्टवेअर वाजवायचं यंत्र, घेतला की बीट वेगळा होतो, असं घेणारा प्रत्येक जण सांगतो. पैसे घातल्यावर माणूस दुसरं काय सांगणार? म्हणून आधी काही दिवसांसाठी मागून आणतोय: नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा माशीन मिक्रो एमके३. सोळा पॅड, एक नॉब, एक स्पर्शपट्टी, छोटासा पडदा. स्वतःचा आवाज नाही, सगळं लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून.

नियम: दोन्हीकडं सॅम्पल (रेकॉर्ड केलेले सुटे आवाज) तेच, तयार लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे) वर्ज्य.

९ मे

रेकॉर्डिंग झालं. शेतावरची पत्र्याची शेड टाळली, पत्रा हलगीला उत्तर देतो. वैरणीची खोली घेतली. तीन भिंतींना कडबा रचलेला, आवाज असा खाल्ला की शहरातल्या फोम लावलेल्या खोलीला जमणार नाही. डायनॅमिक माइक जवळ, कंडेन्सर दोन पावलं मागं, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, शिखर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ दिलं नाही. हलगीचा टोला एवढा टोकदार असतो की मीटरवर दिसतो त्याहून वर गेलेला असतो.

हलगीवाल्या मामांनी बाहेर पाचट पेटवलं आणि कातडं शेकून घेतलं. शेकलेली हलगी चढी बोलते, गार होत गेली की उतरते. सॅम्पलिंगमध्ये याचा हिशेब ठेवावा लागतो. हळू टोले सगळे आधी आणि जोराचे शेवटी घेतले, तर हळू टोले चढे आणि जोराचे उतरलेले येतील. मग पॅडवर जोर वाढवला की स्वर खाली जाणारी हलगी तयार होते, आणि तशी हलगी कुठल्याच गावात नाही. म्हणून हळू, जोरात, मध्यम असं मिसळून घेतलं, मधे मधे पुन्हा शेकून. जाड काडीचे टोले मध्यावर आणि कडेला, बारीक लवचीक काडीचे वेगळे, हातानं दाबून धरलेले वेगळे.

मामा शेवटी वैतागले. "पोरा, एक एक टोला काय मारायला लावतोस? सरळ वाजवू दे की!" मग सरळ वाजवू दिलं आणि तेही घेतलं.

११ मे

कापाकापी. प्रत्येक टोल्याचे जोराप्रमाणं चार थर. एफएलमध्ये एफपीसी या तालवाद्यांच्या सॅम्पलरच्या सोळा पॅडवर लावले, तेच माशीनच्या एका ग्रुपमध्ये. दाबलेला टोला वाजला की आधीच्या खुल्या टोल्याची आस तुटावी, असा गट दोन्हीकडं बांधला. मामांच्या सरळ वादनातला एकसारख्या लयीत चाललेला तुकडा निवडून प्रोजेक्ट त्याच्याच लयीला लावला: ९६ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९६ ठोके. ढोलकी पूर्वी घेतलेली होतीच.

१४ मे

माऊसची फेरी. पहिला बीट चॅनल रॅकवर. सोळा चौकोन, क्लिक केलं की टोला. उजवं क्लिक करून 'दर दोन चौकोनांनी भर' म्हटलं की बारीक काडीची ओळ तयार. वेगाबद्दल वादच नाही.

पण चौकोन डोळ्यांना फार बोलतात. रिकामा चौकोन दिसला की त्यात काहीतरी टाकावंसं वाटतं. चौथ्या आवर्तनाला उठाण आपोआप येते, कारण पडद्यावर तिथं कडा दिसते. आणि प्रत्येक टोला १२७ पैकी १०० जोराचा, कारण एफएल नवा टोला तसाच ठेवतो. खाली पट्ट्या ओढून तो बदलता येतो, बदललाही. पण तो जोर मी पट्ट्यांच्या उंचीकडं बघून ठरवत होतो. कान शेवटी नुसती सही करायला.

१५ मे

दुसऱ्या बीटला पियानो रोल (टोले वेळेच्या पट्टीवर मांडायची खिडकी) घेतला आणि टोल्यांच्या वेळा थोड्या विस्कटून बघितल्या, यदृच्छेनं, सॉफ्टवेअरच्याच सोयीनं. ऐकायला नवशिक्या हलगीवाल्यासारखं. माणसाचा हात चुकतो म्हणून ठेका जिवंत असतो असं नाही. तो ठरावीक जागी, ठरावीक बाजूलाच सरकतो.

तिसरं गाणं सहाच्या वजनात आहे. त्यासाठी चौकोन बारा केले. बारा केल्यावर चॅनल रॅक निमूटपणे चालतो, तक्रार नाही.

२० मे

कंट्रोलर आला. पहिलं काम लेटन्सी, म्हणजे बोट पडल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा (इथं सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप) बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी साठवून वाजवतो तो तुकडा, १०.७ मिलिसेकंदांचा, २५६ चा ५.३, १२८ चा २.७. यात यूएसबी आणि इंटरफेसचा वेळ वरून. माऊसनं काम करताना ५१२ वर काहीच बिघडत नाही, टोला आधीच कागदावर मांडलेला असतो. पॅडवर मात्र बोट आणि आवाज यांत फट पडल्यासारखी वाटते. तसं बघितलं तर १०.७ मिलिसेकंदात आवाज साडेतीन मीटरच्या वर जातो, म्हणजे मिरवणुकीत साडेतीन मीटरवरच्या गड्याची हलगी आपण तेवढ्याच उशिरानं ऐकतो आणि कुणाचं काही अडत नाही. पण स्वतःच्या बोटाचा आवाज साडेतीन मीटरवरून यावा हे हाताला पटत नाही. १२८ वर ठेवलं, जड प्लगइन बंद केले.

कंट्रोलरची खरी किंमत इथं कळते. तो यूएसबीला जोडून भागत नाही, लॅपटॉपही तेवढा ताजातवाना लागतो.

२२ मे

पॅडची सवय. सोळा पॅडची ही चार बाय चारची मांडणी रुजवली ती अकाईच्या एमपीसी६० या सॅम्पल वाजवणाऱ्या यंत्रानं, १९८८ साली, आणि त्या यंत्राचा आराखडा रॉजर लिन यांचा. त्याआधी १९८० चं एलएम-१ हे ड्रम मशीनही त्यांचंच. वर्षानुवर्षं 'एमपीसीचा ग्रूव्ह' म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याचं, म्हणजे स्विंगचं, गणित अगदी साधं आहे: सोळाव्या भागांच्या जोडीतला दुसरा टोला मागं ढकलायचा. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास तीन भागांचं (ट्रिपलेटचं) वजन, ७५ ला हद्द. ९६ बीपीएमला जोडीची लांबी ३१२.५ मिलिसेकंद, म्हणजे दर टक्क्याला दुसरा टोला तीन मिलिसेकंदांहून थोडा जास्त मागं. ५४ वर साडेबारा, ५८ वर पंचवीस.

हेच गणित आज एफएलमध्ये आहे, माशीनमध्ये आहे, सगळीकडं आहे. स्विंगसाठी यंत्र घेतोय असं कुणी म्हणालं तर त्याला आधी चहा पाजून बसवावं.

२४ मे

लॅपटॉपच्या पडद्यावर टॉवेल टाकून पहिल्या बीटची हलगी पॅडवर वाजवली. क्लिक चालू, क्वांटाइझ (टोले आपोआप लयीच्या रेघेवर बसवणं) बंद, एक आवर्तन सतत फिरतंय, त्यावर थर चढवत गेलो.

लगेच दिसलेला फरक: टोले कमी झाले. हाताला जे ओझं वाटतं ते हात वाजवतच नाही. माऊसच्या बीटमध्ये बारीक काडीची अखंड ओळ होती, इथं ती तुटक आली, आणि जिथं तुटली तिथं रॅपला शब्द टाकायला जागा झाली. उठाण चौथ्या आवर्तनाला न येता तिसऱ्याच्या शेवटी आली, कारण पडद्यावरची कडा दिसतच नव्हती.

नोट रिपीट हा प्रकार मात्र पॅडचाच. पॅड दाबून धरला की ठरलेल्या वेगानं टोले पडत राहतात आणि बोटाचा दाब वाढवला की जोर वाढतो. हलगीची कडकडाट करत चढत जाणारी लड अशी एका बोटात येते. माऊसनं हीच लड काढताना मी चढत्या पट्ट्यांचा जिना काढला होता, आणि तो जिन्यासारखाच ऐकू यायचा.

२७ मे

आजची नोंद लांबणार.

मामांच्या सरळ वादनाचा तुकडा ग्रिडवर, म्हणजे लयीच्या आखलेल्या रेघांवर, ठेवून मोठा करून पाहिला. जाड काडीचे टोले रेघेवर. बारीक काडीचे मात्र रेघेच्या *आधी*. फार नाही, दहा-बारा मिलिसेकंद, पण जवळपास प्रत्येक ठिकाणी आधीच. घाई म्हणावी तर लय कुठंच चढलेली नाही.

म्हणजे स्विंगचा नॉब इथं कामाचाच नाही. स्विंग टोला मागं ढकलतो, पुढं ओढत नाही. ५० च्या खाली जायची सोयच नाही. ज्या संगीतासाठी तो बनला त्यात गंमत रेंगाळण्यात आहे. आपली हलगी रेंगाळत नाही, ती पुढच्या टोल्याला हात धरून ओढते. मिरवणुकीत पाय उचलले जातात ते या ओढीनं, असं मला वाटतं.

मग पॅडवर वाजवलेलं तपासलं. कालच्या वादनात बारीक काडी रेघेवर किंवा किंचित मागं. आज पॅडची मांडणी बदलली: जाड आणि बारीक शेजारी-शेजारी, दोन्ही एकाच हाताच्या दोन बोटांनी. हलकं बोट आपोआप आधी पडायला लागलं! जड बोट उचलायच्या तयारीत असतानाच हलकं खाली येतं. दोन काड्या दोन हातांना वाटून दिल्या की पुन्हा सगळं रेघेवर, कारण मग दोन्ही हात क्लिकची वाट बघतात.

'पॅड की माऊस' यापेक्षा 'कुठला आवाज कुठल्या बोटाखाली' हा प्रश्न जास्त मोलाचा निघाला. माशीननं सॅम्पल ओळीनं ज्या पॅडवर मांडून दिले तिथंच मी ते ठेवले असते, तर पॅडवर वाजवूनही माऊससारखाच ठेका आला असता.

क्वांटाइझचं काय? पूर्ण केलं की ओढ मेली. माशीनमधला निम्मा क्वांटाइझ वापरला तर बारा मिलिसेकंदांचे सहा होतात, ओढ राहते पण पातळ. शेवटी जाड काडीच्या टोल्यांना पूर्ण क्वांटाइझ, बारीक काडीला हात लावला नाही. बरोबर बसलं.

आणि न्याय म्हणून: तीच ओढ माऊसनंही आणून पाहिली. पियानो रोलमध्ये ऑल्ट दाबून बारीक काडीचे सगळे टोले एकदम बारा मिलिसेकंद डावीकडं. चांगलं वाजलं. अगदी चांगलं. पण हे करायला आधी मामांचा तुकडा मोठा करून बघावा लागला. सॉफ्टवेअरला सगळं करता येतं, काय करायचं ते मात्र बाहेरून माहीत असावं लागतं. जे. डिला या डेट्रॉइटच्या बीटवाल्याचं नाव यात नेहमी निघतं. त्याचा एमपीसी३००० आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात आहे. तोही हातानं वाजवायचा आणि वर काही आवाज मुद्दाम पुढं-मागं सरकवायचा. दोन्ही करायचा, हे त्याचे भक्त विसरतात.

१ जून

गल्लीतल्या बेंजो पार्टीतला ऑक्टोपॅडवाला दादा आला. त्याला पॅड दाखवले. बोटांनी वाजवायचं कळल्यावर चेहरा उतरला. "काडी न्हाई व्हय? आणि ह्याच्यात आवाजबी न्हाई? मग ह्यो पाट कशाला घेतलास भावा?"

त्याला सांगितलं की रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड, १९८५ चा पॅड-८, तोही आतून मुकाच होता. आठ पॅड आणि मागं मिडीच्या (एका वाद्यानं दुसऱ्याला सूचना द्यायच्या) जोडण्या, आवाज दुसऱ्या यंत्रातून. हे त्याला ठाऊक नव्हतं, पटलंही नाही. तो ज्यावर शिकला त्या एसपीडी-२० मध्ये आवाज आतच. पण महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रानं आणि बेंजो पार्ट्यांनी 'हार्डवेअर की सॉफ्टवेअर' हा वाद सुरू व्हायच्या कितीतरी आधी त्याचा निकाल लावून टाकलाय, हे त्याच्याकडं बघून कळतं.

बसला तसं त्यानं वरचे आठ पॅड सोडूनच दिले. खालच्या दोन ओळी, चार-चार, म्हणजे त्याच्या ऑक्टोपॅडचीच मांडणी. घुमारा (ढोलकीच्या डाव्या अंगाचा खर्ज टोला) डावीकडं खाली, थाप त्याच्या शेजारी, चाट उजवीकडं वर. टोला असा हाणला की जोर कायम १२७. पॅडची संवेदना कमी केली तेव्हा थर ऐकू यायला लागले. मग त्यानं धुमाळीच्या ठेक्यात जे काही भरलं ते मी मुकाट्यानं रेकॉर्ड करत राहिलो. पडद्याकडं त्यानं एकदाही बघितलं नाही, बघण्यासारखं तिथं काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

दुसऱ्या गाण्याची ढोलकी त्याचीच राहणार. मानधन ठरवलं, मित्राला कळवलं.

५ जून

घुमारा. ढोलकीच्या डाव्या अंगावर हात दाबत नेला की स्वर वळतो, ते वळण पॅडवर कसं आणायचं? एकाच सॅम्पलचे चढते स्वर सोळा पॅडवर पसरून पाहिले, पायऱ्या येतात, वळण येत नाही. मग मिक्रोची स्पर्शपट्टी पिचवर ठेवली, सॅम्पलरमध्ये पिचबेंडची मर्यादा पाच स्वरांची केली. उजव्या हातानं टोला, डाव्या बोटानं पट्टी. बोट सोडलं की स्वर जागेवर परत येतो, तसाच ढोलकीचाही येतो. तासाभराच्या सरावानंतर लावणीच्या अंगाचं 'घुंऽऽम' निघालं.

माऊसनं हेच चॅनलच्या पिच नॉबला ऑटोमेशन लावून केलं. वक्र छान गुळगुळीत, पण प्रत्येक टोल्याला तोच. वेगळा काढायचा तर प्रत्येक वक्र नव्यानं ओढा. तीन टोल्यांनंतर कंटाळलो आणि कॉपी-पेस्ट केलं, म्हणजे पुन्हा तोच.

९ जून

रचना. आता कंट्रोलर बाजूला.

सोळा आवर्तनांचं कडवं, आठांचं धृपद, मित्र म्हणतो दुसऱ्या कडव्यात चार आवर्तनं हलगी नको, नुसता घुमारा. हे पॅडवरून सीन (गाण्याचे भाग) बदलत करता येतं, करून बघितलं आणि सोडून दिलं. सगळं गाणं एका नजरेत दिसल्याशिवाय कुठं रिकामं आणि कुठं भरलेलं ते कळत नाही. एफएलच्या प्लेलिस्टमध्ये तुकडे उचलून इकडचे तिकडं ठेवायला माऊसइतकं सोपं काही नाही.

८०८ च्या (रोलँडच्या जुन्या ड्रम मशीनच्या) खर्जाशी घुमाऱ्याची टक्कर झाली, दोघंही साठ-सत्तर हर्ट्झच्या गल्लीत. घुमाऱ्याचा तळ इक्यूनं कापला, घुमारा वाजला की खर्ज क्षणभर दबेल असा कॉम्प्रेसर लावला. यातलं काहीही सोळा पॅडच्या छोट्या पडद्यावर करायची माझी इच्छा नाही.

१४ जून

एकाकडून अकाईचा एमपीसी वन तालमीपुरता मिळाला. लॅपटॉप लागत नाही, सात इंची पडदा, सॅम्पल कार्डवरून चढवले. हा सगळा वर्ग आता कंट्रोलर आणि कॉम्प्युटर यांच्या मधला आहे: २०१७ चे एमपीसी लाइव्ह आणि एक्स, २०२० चा माशीन प्लस, २०२३ चा एबलटन पुश ३. आत प्रोसेसर, मेमरी, सॉफ्टवेअर सगळं. 'हार्डवेअर' म्हणतात ते बाहेरून.

काम करायला झकास. मेल नाही, दुसरी खिडकी नाही, मन ठेक्यातच राहतं. मात्र तालमीत वीज गेली आणि यंत्र गप्प. एमपीसी लाइव्हला बॅटरी असते, वनला नसते. लॅपटॉपच्या बॅटरीवर पुढची तालीम. पावसाळा तोंडावर असताना कोल्हापुरात हा मुद्दा किरकोळ नाही.

१९ जून

मित्रानं पहिल्या गाण्याचे दोन्ही बीट ऐकले, कुठला कशानं केलाय ते न सांगता. पॅडवाला घेतला. कारण विचारलं तर "ह्यात मला श्वास घ्यायला जागा हाय" म्हणाला. तिसऱ्या, सहाच्या वजनाच्या गाण्याला मात्र त्यानं माऊसवालाच निवडला. तिथं त्याचे शब्दच इतके दाट आहेत की ठेका हलला तर त्याचं बोलणं घसरतं, त्याला खाली सरळ रेघ हवी. मला पॅडवालाच आवडला होता. गाणं त्याचं आहे.

२२ जून

स्टेम्स दिले, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. जाड काडी, बारीक काडी, लड, घुमारा, चाट-थाप, खर्ज असे वेगवेगळे, म्हणजे मिक्स करणाऱ्यानं बारीक काडी 'दुरुस्त' करायला घेतली तर त्याला आधीच अडवता येईल. सोबत चिठ्ठी दिलीय: हा ट्रॅक आधी पडतो, तसाच ठेवा.

मिक्रो परत दिला. स्वतःचा घेणार, पण जुना वापरलेला मिळतोय का ते बघून. नव्या प्रोजेक्टचा साचा तयार केला: बफर १२८ चा एक, ५१२ चा एक, हलगीची जाड-बारीक शेजारी मांडणी, ढोलकीची ऑक्टोपॅड मांडणी खालच्या दोन ओळींत, पट्टी पिचवर.

नवरात्राच्या आधी संबळ घ्यायचा आहे. गोंधळी मंडळींशी बोलणं झालंय, ते म्हणाले गोंधळ चालू असतानाच घ्या, सुटे टोले आम्हाला वाजवता यायचे नाहीत. तर यावेळी कापाकापी जास्त होणार, आणि कडब्याची खोलीही मिळणार नाही.